फोडणीआधी काढलेली वाटी

करवीर तालुक्याच्या दक्षिण भागातलं एक घर. मोठी माणसं चार, मूल एक. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि चौदा महिन्यांची नात. दारात एक म्हैस, वीस गुंठे ऊस. मुलगा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत, सून कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, नात्यावरून ओळख पटते तेवढी पुरे.

हे घर आमच्या आरोग्य उपकेंद्राकडे दोन वाटांनी आलं. अंगणवाडीत वजनाच्या दिवशी नातीचं वजन ७ किलो भरलं आणि दंडघेर ११.९ सेंटिमीटर. त्याच आठवड्यात आशाताई रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला न येणाऱ्यांची यादी घेऊन गल्लीत फिरत होती. त्या यादीत याच घरातली आजी होती. वय ६१, रक्तदाब सापडून दोन वर्षं झालेली, आणि कार्डावर गेल्या सात महिन्यांत एकही नोंद नाही. मुलीची माहिती पोषण ट्रॅकरमध्ये गेली, आजीची असंसर्गजन्य आजारांच्या पोर्टलवर. दोन ॲप, दोन पर्यवेक्षक, दोन आढावा बैठका. आशाताई त्याच भावकीतली, म्हणून तिच्या लक्षात आलं आणि ती म्हणाली, "म्याडम, ह्ये दोन्ही एकाच घरचं हाय." ती म्हणाली नसती, तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती.

कोल्हापुरात कुपोषण म्हटलं की लोक मेळघाट नाहीतर पालघरकडे बोट दाखवतात. दूध-उसाच्या जिल्ह्यात कुठलं आलंय कुपोषण, असा सूर असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने लुकडी निघाली. एवढे आकडे एकट्या डोंगराळ तालुक्यांनी होत नाहीत. फरक इतकाच, की इकडची मुलं पटकन डोळ्यात भरत नाहीत. ही मुलगीही अंगावर चांगला फ्रॉक, पायात पैंजण, डोळ्यात काजळ अशी होती. दंडाला पट्टी लावली तेव्हा ती पिवळ्या भागात थांबली.

दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम. ११.५ ते १२.५ च्या मधे असेल तर मध्यम, म्हणजे मॅम; पट्टीवरचा पिवळा भाग तो हाच. सॅम मुलासाठी सगळी यंत्रणा हलते: ग्राम बाल विकास केंद्र, गुंतागुंत असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती. मॅम मुलाच्या पदरात बहुतेक वेळा "आईला समजावून सांगितले" एवढा शेरा पडतो. माझ्या मते मॅम हाच जास्त लक्ष द्यायचा टप्पा आहे. घरच्या चुलीवर दुरुस्ती होते ती याच टप्प्यात, आणि एक जुलाबाचा आठवडा मुलाला इथून थेट सॅममध्ये ढकलू शकतो.

वाढीच्या तक्त्यावरची रेघ सगळं सांगत होती. सहाव्या महिन्यात ६.४ किलो, नवव्यात ६.९, आणि चौदाव्यात ७. नऊ महिन्यांपर्यंत चढ, नंतर सपाट. नवव्या महिन्यात काय झालं? सून कामावर रुजू झाली. सकाळी सातला कंपनीची बस, संध्याकाळी सहाला परत. मधले अकरा तास मूल आजीकडे.

आणि आजीचं अंग बरं नव्हतं.

आजीचा रक्तदाब पहिल्यांदा घेतला तेव्हा ती नुकतीच शेणाची पाटी उकिरड्यावर टाकून आली होती आणि तोंडात मिश्री होती. यंत्राने दाखवले १८४/१०४. असला आकडा लिहून घ्यायचा नसतो. तंबाखूने आणि श्रमाने दाब तात्पुरता चढतो. तिला चूळ भरायला लावली, पाठ टेकून खुर्चीत बसवलं, पाय जमिनीला, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत, बोलणं बंद. अर्ध्या तासाने दोनदा मोजला: १६८/९८ आणि १६६/९८. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रातही तेवढाच आला. म्हणजे दाब खराच वाढलेला होता, फक्त पहिल्या आकड्याइतका नव्हता. छातीत दुखणं, एका बाजूची कमजोरी, नजर अंधुक होणं यातलं काही नव्हतं, त्यामुळे धावाधाव करायचं कारण नव्हतं.

गोळ्या का सोडल्या? यावर आजी आधी काही बोलेना. मग आशाताईनं "आत्ती, खरं सांगा की" म्हटल्यावर एकेक बाहेर आलं.

"पाय सुजलं की वो. दोन्ही टम्म. शेजारची म्हणाली, किडनी जात्या ह्या गोळ्यानं. मग चक्कर आली की घेतो तेवढी."

यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक गुंतल्या होत्या, आणि त्या सोडवल्याशिवाय पुढे काहीच झालं नसतं.

पहिली सूज. आजीच्या रक्तदाबाच्या गोळीने, म्हणजे अम्लोडिपिनने, काही जणांच्या घोट्याला सूज येते, हे खरं. ती रक्तवाहिन्या सैल झाल्यामुळे येते, मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे नाही. पण गोळी देताना हे कुणी सांगितलेलं नसेल, तर सुजलेला पाय बघून माणूस गोळी बंद करणारच. त्यात आजीचं चुकलं असं मला वाटत नाही. दुसरी चक्कर. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना काहीच त्रास देत नाही, म्हणून तर तो मोजावा लागतो. आजीचं हिमोग्लोबिन निघालं ९.४. रिकाम्या पोटी मिश्री, दुपारचं जेवण तीनला, आणि अंगात रक्त कमी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचं मत पडलं की चक्कर त्याचीच असावी. म्हणजे ती ज्या त्रासासाठी रक्तदाबाची गोळी घेत होती, त्या त्रासाचा त्या गोळीशी फारसा संबंधच नव्हता. गोळी घेऊनही चक्कर थांबत नव्हती, म्हणून तिचा विश्वास उडालेला. आणि तिसरी गोष्ट ती बोलता बोलता सांगून गेली: गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली "लाल गोळी", रोज एक, कधी दोन. पाकीट मागवून पाहिलं तर डायक्लोफेनॅक. ही वेदनाशामकं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात, पायाला सूजही आणतात. सुजेचं सगळं खापर ज्या गोळीवर फुटलं, तिच्या शेजारी हीही होती.

डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक बंद केलं, त्याऐवजी लागेल तेव्हा पॅरासिटामॉल आणि शेक. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि पोटॅशियम तपासून घेतलं, दोन्ही ठीक निघालं. मग अम्लोडिपिन ५ सोबत टेल्मिसार्टन ४० ही रक्तदाबाचीच दुसरी गोळी सुरू केली. या जोडीने घोट्याची सूजही कमी राहते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, चहासोबत घ्यायच्या नाहीत या अटीवर. आजीला सूज, चक्कर आणि गुडघा यांचा हिशेब वेगवेगळा करून सांगितला. "मग आधी का न्हाई सांगितलं कुणी?" असं तिनं विचारलं, ते बरोबरच होतं.

आता पुन्हा नातीकडे. आदल्या दिवशी तिनं सकाळपासून काय काय खाल्लं, ते आजीला क्रमाने विचारलं. सकाळी चहात बुडवलेली दोन बिस्किटं. दहाच्या सुमाराला भात आणि "डाळीचं पाणी". दुपारी आजीला चक्कर येते म्हणून ती पडून राहते. मुलीला कडेवर घ्यायची तिला भीती वाटते, "घिऊन पडलो तर?" म्हणून. त्या वेळात आजोबा दुकानातून पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा आणून मुलीच्या हातात देतात. पाचला पुन्हा चहा-बिस्किट. रात्री आई आली की दूध-भाकरीचे चार घास आणि अंगावरचं दूध. आईचं रात्रीचं दूध चालू होतं, ही या घरातली मोठी जमेची बाजू.

"डाळीचं पाणी" म्हणजे काय, ते आम्ही समोर करून दाखवायला सांगितलं. आजीनं आमटीच्या पातेल्यातून पळीभर डाळ चाळणीत घेतली, वरून तांब्याभर कोमट पाणी ओतून तिचा तिखटपणा धुऊन काढला, आणि खाली जमलेलं पाणी भातावर घातलं. डाळ चाळणीत राहिली, ती म्हशीच्या आंबोणात. सून पहाटे साडेपाचला एकाच पातेल्यात आमटी करून जाते. त्यात कांदा-लसणाची चटणी पडते, ती या घरात तळहाताने मोजतात. चौदा महिन्यांचं लेकरू ते खाणार कसं? "लेकराला काय तिखाट चारू व्हय?" हा आजीचा सवाल रास्त होता. दुसरी चूल पेटवायची तर तिच्या अंगात त्राण नाही. म्हणून धुतलेलं पाणी.

या वयाच्या मुलाचं पोट वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिलिलिटर धरतं, म्हणजे हिचं दोनशेच्या आसपास, एक लहान वाटी. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अंगावरच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून रोज साधारण ५५० कॅलरी लागतात. वाटीत पाणी भरलं की पोट भरतं, मूल रडत नाही, आणि सगळ्यांना वाटतं जेवली. घट्ट डाळ-भातावर एक छोटा चमचा तूप घातलं तर त्या तुपाच्याच ४५ कॅलरी होतात. अंगणवाडीतून मिळणाऱ्या घरपोच आहाराची पाकिटं फडताळात होती, फोडलेलीही नव्हती. "खात न्हाई ती," एवढंच कारण. एकदा पातळ करून दिलं, मुलीनं थुंकलं, विषय संपला.

मिठाबद्दल आम्हा आरोग्यवाल्यांची एक सवय झालेली आहे. कोल्हापूरचा पेशंट समोर आला, की "चटणी, तांबडा रस्सा, लोणचं बंद" असं म्हणून मोकळं व्हायचं. माणूस मान हलवतो आणि घरी जाऊन पूर्वीसारखंच जेवतो. या घरात आम्ही हिशेबच मांडला. चटणी वर्षाची एकदम होते, मे महिन्यात डंकावर. पाच किलो मिरचीला किलोमागे पाव किलो खडेमीठ, असं आजीनं सांगितलं. म्हणजे वर्षाला सव्वा किलो. चार माणसांत आणि ३६५ दिवसांत वाटलं तर माणशी दिवसाला एक ग्रॅमसुद्धा होत नाही. मग विचारलं, मिठाची किलोची पुडी किती दिवस जाते? आजी म्हणाली, वीस-बावीस दिवस. बावीसच धरले तरी १००० भागिले ८८, माणशी ११ ग्रॅमच्या वर. थोडं भांड्यात, पाण्यात वाया जातं असं धरलं, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या दिवसाला ५ ग्रॅमच्या मर्यादेच्या दुप्पट.

म्हणजे दोष चटणीचा कमी आणि हाताचा जास्त होता. आमटीत मीठ, भातात मीठ, ताकात मीठ, पेजेत मीठ आणि ताटात डाव्या बाजूला पुन्हा चिमूटभर, तेही न चाखता. शिवाय आजोबांनी मोबाइलवर आलेला निरोप वाचून सैंधव आणलं होतं, आणि "हे चालतंय" म्हणून ते सढळ वापरत होते. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. आणि कमी सोडियमचं म्हणून जे पोटॅशियमवालं मीठ मिळतं, ते टेल्मिसार्टन घेणाऱ्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये, हे इथे बजावून सांगावं लागलं.

तोडगा निघाला तो सुनेच्या बोलण्यातून. ती म्हणाली, डाळ तर मी कुकरला लावते, फोडणी नंतर देते, मग आधीच काढून ठेवली तर? तेवढंच करायचं होतं. कुकर उघडला की फोडणीआधी, मिठाआधी, चटणीआधी दोन वाट्या घट्ट डाळ बाजूला. एक नातीची, एक आजीची. पहाटेच्या घाईत सुनेचं काम वाढलं ते एका पळीचं.

नातीच्या वाटीत मऊ भात कुस्करून, वर एक चमचा तूप, शेंगदाण्याचं बारीक कूट, एक दिवसाआड उकडलेलं अंडं. वाटी उपडी केली तर ओघळणार नाही इतपत घट्ट. आजीला वाटलं घशात अडकेल. अंगणवाडी सेविकेनं तिच्यासमोर मुलीला भरवलं, मुलीनं पाच-सहा घास खाल्ले, मग तोंड फिरवलं. थांबून पाणी दिलं, खेळवलं, पुन्हा तीन घास गेले. हे आजीनं पाहिल्यावर तिची भीती मोडली. घरपोच आहाराचं पीठ तुपावर भाजून गूळ घालून घट्ट केलं तेव्हा तेही गेलं.

आजीची वाटी हा खरा पेच होता. "अळणी कसं गिळायचं वो? मढ्याच्या घरच्यागत." इथे बदनाम चटणी कामाला आली. बिनमिठाच्या घट्ट डाळीवर पाव चमचा चटणी आणि लिंबू. चटणी सगळ्या पातेल्यात विरघळली की लागत नाही म्हणून जास्त घातली जाते. वरून घेतली की जिभेला झणका तोच, आणि मीठ गेलं ते त्या पाव चमच्यातलं. सुरुवातीला ती ताटात चोरून मीठ घेत होती. नातीनंच ते बंद करवलं, म्हणजे नात ताटात हात घालायला लागल्यावर आजीनं मिठाचा सट वरच्या फळीवर ठेवला.

दुधाचं इतकं सहज जमलं नाही. म्हशीचं दूध दोन्ही वेळा डेअरीला जातं. दहा दिवसांच्या बिलातून पेंड, किराणा आणि सोसायटीचा हप्ता भागतो, आणि वर्षभर घातलेल्या दुधावर दिवाळीला फरक मिळतो. त्यामुळे घरात चहापुरतंच दूध राहतं. आजोबांसमोर कॅलरी आणि प्रथिनं बोलून उपयोग नव्हता. आशाताईनं त्यांना विचारलं, रेडकाला किती सोडता? एक सड, ते म्हणाले. ती पुढे काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळचं एक फुलपात्र नातीचं म्हणून बाजूला निघालं. चहा मात्र मुलीचा पूर्ण बंद केला, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि तिला आठवड्यातून दोनदा लोहाचं औषध चालू होतं.

पुढचे महिने सरळ गेले नाहीत. पहिल्या महिन्यात वजन ७.४ झालं, सगळे खूश. मग पावसाळा लागला, मुलीला जुलाब झाले आणि वजन ७.२ वर उतरलं. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या दिल्या. जुलाब चौथ्या दिवशी थांबले, पण झिंक चौदा दिवस पूर्ण करायचं असतं, ते आजीनं केलं. जुलाबात अन्न बंद करायचं ही या भागातली जुनी रीत आहे, ती या वेळी पाळली गेली नाही, याला मी वजनवाढीपेक्षा मोठं मानते. त्यानंतर रेघ पुन्हा चढली. चौथ्या महिन्याच्या शेवटी वजन ८.१ किलो, दंडघेर १२.८. पट्टी हिरव्यात. वयाच्या मानानं वजन अजून खालच्या बाजूलाच आहे, आणि उंचीची कसर भरायला याहून बराच वेळ लागणार.

आजीचा दाब पहिल्या महिन्याला १५२/९०, तिसऱ्याला १३८/८६. घोट्याला संध्याकाळी थोडी सूज असते, ती आता तिला घाबरवत नाही. हिमोग्लोबिन १०.८ वर आलं. दुपारची चक्कर गेली, आणि त्याचा सगळ्यात मोठा फायदा नातीला झाला, कारण दुपारी एकचं जेवण आता आजीच भरवते. पाच रुपयांचे पुडे बंद झालेले नाहीत, आठवड्यातून दोन-तीनदा आजोबा आणतातच. मिश्रीही सुटलेली नाही. सकाळची एक उरली आहे, आणि ती रक्तदाब मोजायच्या दिवशी नंतर लावायची एवढं आजीनं मान्य केलं आहे. मिठाची पुडी आता महिनाभर पुरते. माणशी ८ ग्रॅमच्या आसपास. अजून जास्तच.

या प्रकरणानंतर उपकेंद्रात एक साधा बदल केला. अंगणवाडी सेविका मॅम-सॅम मुलांची यादी देते, तेव्हा प्रत्येक नावापुढे "दिवसभर कोण सांभाळतं" हा रकाना हाताने आखला आहे. सांभाळणारी व्यक्ती तिसाच्या वरची असेल, आणि खेड्यात बहुधा असतेच, तर तिचं रक्तदाबाचं कार्ड त्याच दिवशी काढून बघायचं. ॲपमध्ये असा रकाना नाही, म्हणून तो कागदावर चालतो. गावच्या आरोग्य, स्वच्छता व पोषण दिनाला वजनकाटा आणि रक्तदाबाचं यंत्र एकाच खोलीत मांडतो, म्हणजे नात वजनाला आली की आजीचाही हात पुढे येतो. याला वरून कुणाचा विरोध झाला नाही, कुणी आदेशही काढला नाही.

राहिलेली कामं बरीच आहेत. आजोबांचा दाब याच काळात दोनदा मोजला, १५०/९४ आणि १४८/९२. ते "मला काय झालंय?" म्हणून गोळी घ्यायला तयार नाहीत, आणि सैंधवाची पिशवी अजून त्यांच्या ताब्यात आहे. म्हैस आता आटत आली आहे. भाकड काळात नातीचं फुलपात्र विकतच्या दुधानं भरायचं की नाही, हे त्या घरात अजून ठरलेलं नाही. सून म्हणते, पगारातून घेऊ. आजोबा म्हणतात, बघू.